बढाई न मारता येणाऱ्यांचं टेंडर

"तुम्हाला हे काम खरोखर हवं आहे का, मिस्टर टॉर्विक?" खरेदी अधिकारी रेमी थिबोडो यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

ऑरिन टॉर्विकने मांडीवरची लोकरीची टोपी एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली आणि म्हणाला, "मिळालं तर हरकत नाही."

शेजारी बसलेल्या त्याच्या बहिणीने, आर्डिसने, डोळे मिटून घेतले. सख्खा भाऊ होता म्हणून वाचला. दुसरा कुणी असता तर तिने टेबलाखालून त्याच्या नडगीवर बूट हाणला असता.

राजधानीतल्या त्या दालनात पाऊण तास हेच चाललं होतं. तुमचा कॉम्प्युटर कडाक्याच्या थंडीत चालतो का? "बहुतेक वेळा चालतो." तक्रारी किती येतात? "याहून जास्त येऊ शकल्या असत्या." सगळ्या राज्याला पुरतील इतके बनवून द्याल? "प्रयत्न करून बघू." आणि तुमच्या स्पर्धक कंपनीपेक्षा तुमचा माल चांगला का? यावर तर ऑरिनने कहर केला. "त्यांचाही बराच चांगला आहे म्हणतात," तो म्हणाला, आणि वर मान हलवून दुजोराही दिला.

थिबोडो हे सगळं जसंच्या तसं लिहून घेत होते. त्यांचा तरी काय दोष? माणूस लुइझियानाचा, इथल्या नोकरीवर गेल्या उन्हाळ्यात रुजू झालेला. त्यांच्याकडे माणसं आपल्या स्वयंपाकाची, मासेमारीची, सासूचीसुद्धा तोंड भरून तारीफ करतात. इथे मिनेसोटात स्वतःची तारीफ करणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी वाजवणं. इथल्या माणसाला लॉटरी लागली तरी तो म्हणणार, बरं झालं, गाडीचे टायर बदलायचेच होते. 'मिळालं तर हरकत नाही' याचा इथला अर्थ असा, की यावर माझा जीव टांगलेला आहे. तो अर्थ समितीतल्या तिघांपैकी एकालाच कळला असावा, वेल्डन माकीला. माकी तीस हिवाळे बर्फ हटवणारा ट्रक चालवत आला होता आणि चालकांच्या वतीने समितीवर बसला होता. त्याने ऑरिनकडे बघून पापण्या किंचित लववल्यासारखं केलं. तिसऱ्या, कॉम्प्युटर विभागाच्या बाई, आकड्यांच्या तक्त्यातून डोकं वर काढायला तयार नव्हत्या.

बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसेपर्यंत आर्डिस गप्प राहिली. गाडीचं दार लागलं आणि ती सुटली.

"हरकत नाही? हरकत नाही? अरे, तू काय लग्नाला आला होतास, कुणी केक पुढे केला म्हणून?"

"मग काय सांगायचं होतं?"

"की आपल्यासारखा कॉम्प्युटर कुणी बनवत नाही म्हणून!"

"ते मीच कसं सांगणार?" ऑरिनने अगदी प्रामाणिक आश्चर्याने विचारलं. आर्डिसने गाडी सुरू केली आणि त्यांच्या नॉर्डबी गावापर्यंतच्या तीन तासांत दोघं फक्त रस्त्यावरच्या निसरड्याबद्दल बोलले.

टॉर्विक भावंडांची कंपनी एकच वस्तू बनवायची. बर्फ हटवणाऱ्या ट्रकच्या चालकासमोर बसवायचा, हातोड्याने ठोकला तरी न हलणारा कॉम्प्युटर. रस्ता किती गार आहे, त्यावर मीठ किती टाकायचं, कुठे नाही टाकायचं, हे तो सांगायचा आणि जाड लोकरी हातमोजे न काढता त्याची लिंबाएवढी बटणं फिरवता यायची. वस्तू छान, पण गिऱ्हाईक एकच, सरकार. बर्फ हटवणारा ट्रक कुणी हौसेने दारात बांधत नाही. तेव्हा सरकारने खिसा उघडला की नॉर्डबीत कामाच्या पाळ्या वाढायच्या, आणि सरकारने खिसा मिटला की आर्डिस रात्री हिशेबाच्या वह्या उघडून बसायची. दोन वर्षांपूर्वी राज्याने नव्या खरेदीवर बंदी घातली. राज्याकडे बघून जिल्ह्यांनी हात आखडते घेतले, जिल्ह्यांकडे बघून गावांनी. कारखान्यातली निम्मी माणसं घरी बसवावी लागली. ते काम ऑरिनला जमण्यातलं नव्हतं, म्हणून आर्डिसनेच केलं. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात बसून, कॉफी घेऊन. आणि प्रत्येकाला तिने एकच सांगितलं होतं, काम सुरू झालं की आधी तुला बोलावेन.

आता राज्याची बंदी उठली होती. सगळ्या ट्रकांना कॉम्प्युटर बसवायचे ठरले होते. आणि नुसतं तेवढंच नाही. राज्याच्या टेंडरमध्ये एक कलम असतं. राज्याने एकदा एखाद्या कंपनीशी करार केला, की कुठलाही जिल्हा, कुठलंही गाव, शेजारचं राज्यसुद्धा आपलं वेगळं टेंडर न काढता त्याच करारावर, त्याच भावाने माल घेऊ शकतं. म्हणजे एक सही मिळाली, की पुढची दारं आपोआप किलकिली होणार. न मिळाली, तर टेक्सासच्या एका कंपनीने मागणी घातलेलीच होती. ते नॉर्डबीचा कारखाना विकत घेणार होते, म्हणजे खरं तर कॉम्प्युटरचे आराखडे आणि नाव घेणार होते. भिंती इथे राहणार, काम तिकडे जाणार. त्यांनी फेब्रुवारीअखेरची मुदत दिली होती.

लवॉन स्लेटनलाही फेब्रुवारीअखेरच गाव सोडायचं होतं. लवॉन ही आर्डिसची शाळेपासूनची मैत्रीण आणि कारखान्यात वीस वर्षं तारा जोडून आता घरी बसवली गेलेली बाई. नवऱ्याची पाठ कामातून गेलेली, म्हणून आता घर विकून अ‍ॅरिझोनात मुलाकडे जायचं चाललं होतं. "तिकडे बर्फ नाही, हे एक बरं," लवॉन रविवारी चर्चमधून निघताना म्हणाली होती. आर्डिसने तिचा चेहरा पाहिला होता. बर्फ नसलेल्या ठिकाणी जाणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

आठवड्याभराने राजधानीतून निरोप आला. दोन्ही कंपन्या शेवटच्या फेरीत होत्या, आणि समिती दोघांचेही कारखाने बघायला येणार होती. आर्डिसने ठरवलं, यावेळी ऑरिनला बोलायला शिकवायचंच.

"म्हण, आमचा कॉम्प्युटर सर्वोत्तम आहे."

"आमचा कॉम्प्युटर," ऑरिन म्हणाला आणि अडकला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "चालतो."

"सर्वोत्तम!"

"अगं, सर्वोत्तम म्हणजे सगळे बघितलेत का मी? उद्या कुणीतरी आणखी चांगला बनवेल."

तिने तासभर डोकं फोडून घेतलं. मग म्हणाली, जाऊ दे, मीच बोलते. पण न्हाणीघराच्या आरशासमोर उभी राहून 'आमच्या तोडीचं कुणी नाही' म्हणायला गेली, आणि तिला हसू फुटलं, मग लाज वाटली, आणि मग उगीचच तिने आरसा पुसून काढला. लहानपणी तिने एकदा शाळेत पहिला नंबर आल्याचं घरी ओरडत सांगितलं होतं, तेव्हा आई बटाटे सोलता सोलता एवढंच म्हणाली होती, दुसऱ्या मुलांना वाईट वाटलं असेल. ती गोष्ट तिच्या अंगात इतकी मुरली होती, की साठीतही बढाई घशातून बाहेर येईना.

तरीही ती कामाला लागली. कारखाना झाडला, दिवे पुसले. मागच्या भिंतीला एक लांबलचक फडताळ होतं. त्यावर गिऱ्हाइकांकडून बिघडून परत आलेली यंत्रं ओळीने मांडलेली असत. ऑरिन त्यातलं एकही टाकू द्यायचा नाही. आर्डिसने त्यावर निळी ताडपत्री टाकली आणि खाली विटा ठेवून दाबून बसवली.

समिती आली ती उणे वीसच्या सकाळी. आर्डिसने कॉफी उकळून ठेवली होती, ओट आणि चॉकलेटच्या वड्या कापून ठेवल्या होत्या. आणि इथेच पहिली पंचाईत झाली. सरकारी माणसांना टेंडर चालू असताना कंपनीची काडीही घ्यायची मनाई. थिबोडो आपल्या थर्मासमधली कॉफी घेऊन आले होते.

"एक वडी तरी?" आर्डिस म्हणाली.

"नाही, आभारी आहे."

"लहानशी?"

"कायदा आहे, बाई."

"अहो, तुकडा नाही मोडायचा, नुसती कडेकडेने कुरतडायची."

थिबोडो हसले, पण हात खिशातच ठेवले. पाहुणा दाराशी उपाशी उभा असताना आपण कॉफी प्यायची, हे नॉर्डबीच्या इतिहासात घडलं नव्हतं. तेव्हा कुणीच प्यायलं नाही. वेल्डन माकी मात्र वड्यांच्या ताटाकडे अशा नजरेने बघत होता, की आर्डिसला ते ताट उचलून आत न्यावं लागलं. बिचाऱ्याचे हाल बघवेनात.

मग ती उभी राहिली. हात एप्रनला पुसले. आणि पाठ केलेलं बोलली.

"आमचा कॉम्प्युटर सर्वोत्तम आहे. अख्ख्या उत्तरेत आमच्या तोडीचं कुणी नाही. आमच्यासारखी सेवा कुणी देत नाही."

माकीने मान खाली घालून आपल्या बुटांकडे पाहिलं, जसा कुणी शेजाऱ्याच्या घरात भांडण ऐकू आल्यावर पाहतो. ऑरिन तर खांबामागे जाऊन उभा राहिला. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते थिबोडो वहीवर पेन ठेवून म्हणाले, "परवा त्या दुसऱ्या कंपनीतही अगदी हेच ऐकलं. शब्द न् शब्द हाच. त्यांची काचेची स्क्रीन तर नुसत्या बोटाने चालते. झकपक आहे एकदम."

आर्डिस खाली बसली. तिला रडू येईल असं वाटलं. साठ वर्षांत पहिल्यांदा फुशारकी मारली, आणि तीही उष्टी निघाली. एकाला पटली नाही, दुसऱ्याला ओशाळं केलं. लवॉनचं घर, टेक्सासची मुदत, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

"ते निळं काय आहे?" थिबोडोंनी विचारलं.

"ते काही नाही," आर्डिस घाईने म्हणाली. "अडगळ."

"अडगळ नाही," खांबामागून ऑरिन म्हणाला. खोटं मात्र त्याला अजिबात सहन होत नसे. "बिघडलेले कॉम्प्युटर आहेत. आमचे."

"बघू शकतो?"

आर्डिसने मनातल्या मनात कारखान्याला कुलूप लावलं. ऑरिनने विटा बाजूला केल्या, ताडपत्री ओढली, आणि त्या क्षणी त्याच्यात काहीतरी बदललं. ज्या माणसाला आपल्या मालाचा एक गुण सांगता येत नव्हता, त्याला दोष सांगायला लागल्यावर कुणी थांबवू शकेना.

"हा पहिला," तो म्हणाला. "थंडीने याची स्क्रीन काळी पडली. मी आतला हीटर स्वस्तातला घेतला होता. माझीच चूक. त्यानंतर सगळ्यांचे बदलले, ज्यांचे बिघडले नव्हते त्यांचेही. हा दुसरा. याच्यात मीठ शिरलं. मी म्हणायचो शिरणार नाही. शिरलं. हा बघा, याची तार चालकाच्या सीटखालून नेली होती, आणि चालक होता वजनदार."

"मग?" माकीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मग तार छतातून नेली. आता सगळ्यांची छतातूनच जाते."

"छतातून बरी," माकी म्हणाला. त्याने पुढे होऊन यंत्र हातात घेतलं, खिशातून हातमोजे काढून चढवले आणि बटण फिरवून पाहिलं. एकदा, दोनदा. मग कॉम्प्युटर विभागाच्या बाईंच्या हातात आपले हातमोजे देऊन म्हणाला, "तुम्ही पण बघा." त्या बाईंनी त्याचे ते पिशवीएवढे हातमोजे घातले, बटण फिरवलं, आणि तक्ता टेबलावर ठेवून दिला.

"आणि हा?" थिबोडोंनी कडेच्या यंत्राकडे बोट दाखवलं.

ऑरिनने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "हा वादळात बंद पडला. कॅनडाच्या हद्दीजवळ. रात्रपाळीचा चालक एकटा, आणि पुढे शाळेच्या मुलांची बस अडकलेली. त्याने फोन केला. मी दुसरा कॉम्प्युटर घेऊन निघालो, पण बसवायला वेळ कुठला? मग त्याच्या शेजारी बसून हाताच्या दांड्याने मिठाच्या टाकीचं दार उघडत-मिटत गेलो, बसपर्यंत." त्याने यंत्रावरून बोट फिरवलं. "मुलं घरी पोचली. पण मला फार लाज वाटली. विसरू नये म्हणून हा इथे ठेवलाय."

थिबोडो लिहायचं विसरून गेले होते. "तुम्ही स्वतः गेलात?"

"मीच बनवला होता ना तो."

"आजवर किती विकलेत असे कॉम्प्युटर?"

"नऊशेच्या वर असतील."

"आणि बिघडून आलेले हे एवढेच? या एका फडताळावर मावतील एवढे?"

"नाही," ऑरिन खजील होऊन म्हणाला. "एक घरी आहे. त्याला काय झालंय ते अजून कळलं नाही."

थिबोडोंनी आर्डिसकडे पाहिलं, मग माकीकडे. माकी आता बुटांकडे बघत नव्हता, सरळ त्यांच्याकडे बघत होता. "बाई," थिबोडो आर्डिसला म्हणाले, "त्या दुसऱ्या कंपनीत मी विचारलं होतं, तुमचा माल कधी बिघडतो का. ते म्हणाले, कधीच नाही. माझे वडील बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. कधीच न बिघडणारं इंजिन त्यांनी एकच पाहिलं होतं, कुणी पाण्यात न घातलेलं." मग ते ऑरिनकडे वळले. "तुम्ही हे त्या दिवशी राजधानीत का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बिघडलेल्यांचं विचारलंच नाही," ऑरिन म्हणाला.

समिती गेली. त्यानंतर निकाल लागेपर्यंत सरकारी माणसांशी एक अक्षर बोलायची मनाई. ऑरिन घरच्या त्या न कळलेल्या यंत्रात डोकं घालून बसला. आर्डिसने उरलेल्या वड्या सगळ्या गावाला वाटल्या. टेक्सासच्या माणसाचे दोन फोन येऊन गेले आणि दोन्ही वेळा तिने इथल्या रीतीप्रमाणे 'बघू या' म्हणून वेळ मारून नेली.

फेब्रुवारी संपत आला असताना एका दुपारी राज्याच्या संकेतस्थळावर निकाल लागला. आर्डिसने तो तीनदा वाचला. किमतीत ते मागे होते, सादरीकरणातही थोडे मागे. पण वापर आणि टिकाऊपणात इतके पुढे, की सगळं भरून निघालं होतं. काम टॉर्विकांना मिळालं होतं. सगळं एकदम नव्हे. यंदा सहाशे ट्रक, आणि पुढचे विधिमंडळाने दरवर्षी पैसे मंजूर केले तर. सरकारच ते, खिसा पूर्ण उघडून थोडंच दाखवणार! पण करारात ते कलम होतं, आणि संध्याकाळच्या आत शेजारच्या दोन जिल्ह्यांचे आणि नॉर्थ डकोटातल्या एका गावाचे फोन येऊन गेले. तिघांनीही हवापाण्याच्या गप्पा मारता मारता शेवटी सहज विचारलं, त्या करारावर आम्हालाही मिळेल का म्हणून.

टेक्सासच्या माणसाचा फोन मात्र ऑरिनने घेतला. आर्डिस दारातच होती. "नाही," ऑरिन म्हणाला. नुसतं 'नाही'. पुढे 'सध्या तरी' नाही, 'बघू' नाही, काही नाही. फोन ठेवल्यावर त्याने कपाळावरचा घाम पुसला.

आर्डिसने कोट चढवला आणि ती लवॉनकडे निघाली. हे फोनवर सांगायचं तिला नको होतं.

लवॉनच्या अंगणात, बर्फात, घर विकायला काढल्याची पाटी उभी होती. दार उघडून लवॉन म्हणाली, "ये ना. काय गारठा आहे. कॉफी घेणार?"

रीतीप्रमाणे आर्डिसने आधी नको म्हणायचं, मग पुन्हा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा अर्धा कप म्हणायचं, मग वारा, मग रस्ते, मग तिच्या नवऱ्याची पाठ, आणि निघता निघता मुद्द्याचं. पण आज आर्डिस उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "काम मिळालंय. सोमवारपासून ये. तू मला हवी आहेस, लवॉन. तुझ्याशिवाय मला काही सुचत नाही."

इतकं उघड बोलणं त्या उंबऱ्याने कधी ऐकलं नसेल. "किती दिवसांचं काम?" लवॉनने हळूच विचारलं.

"यंदाचं पक्कं. पुढचं विधिमंडळाच्या मर्जीवर. पण जिल्हे विचारायला लागलेत. आजच तीन फोन आले. नक्की काही सांगत नाही मी."

लवॉनने मान हलवली. तिने कोट घेतला नाही, नुसते बूट घातले, आणि आर्डिसच्या शेजारून अंगणात गेली. पाटीचा खांब दोन्ही हातांनी धरून तिने ओढला. हलला नाही. आर्डिसनेही धरला. दोघींनी दात-ओठ खाऊन ओढला. जमीन दगडासारखी गोठलेली. ती काही एप्रिलच्या आधी खांब सोडणार नव्हती.

"आता?" धापा टाकत आर्डिस म्हणाली.

लवॉन पायरीशी गेली आणि दोन फावडी घेऊन आली. एक आर्डिसच्या हातात दिलं. तिने पहिला फावडंभर बर्फ पाटीवर टाकला, मग दुसरा. आर्डिसलाही चेव आला. आतून लवॉनचा नवरा खिडकीवर टकटक करून काहीतरी ओरडत होता, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. दोघी म्हाताऱ्या शाळकरी पोरींसारख्या हसत बर्फ टाकत राहिल्या, आणि अंधार पडायच्या आत तिथे पाटी होती हे नव्याने येणाऱ्या कुणाला कळलंही नसतं.